झाकली मूठ सव्वा लाखाची

डिसेंबर १९९२. लंडनमध्ये पत्रकार परिषद भरलीय. महिन्याभरापूर्वीच इव्हँडर होलीफिल्डला हरवून हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता झालेला रिडिक बो डब्ल्यूबीसीचा पट्टा हातात घेतो आणि सगळ्या कॅमेऱ्यांसमोर चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकून देतो. विश्वविजेतेपदाचा पट्टा! ज्यासाठी पोरं वयाच्या दहाव्या वर्षापासून नाक फोडून घेतात, तो.

भानगड अशी होती की आता त्याला लेनक्स लुईसशी खेळावं लागणार होतं. हा लुईस म्हणजे १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकाच्या लढतीत याच बो महाशयांना दुसऱ्या राउंडमध्ये थांबवणारा माणूस. पैशांच्या वाटणीवरून बोलणी फिसकटली, लुईसशी खेळ नाहीतर पट्टा सोड असं डब्ल्यूबीसीचं म्हणणं पडलं, तर यानेच तो टाकून दिला. "तुम्ही मला काय काढता, मीच राजीनामा देतो" त्यातला प्रकार. पुढे १९९३ मध्ये बो कोणाशी खेळला? मायकल डोक्स, पहिल्याच राउंडमध्ये खेळ खल्लास. मग जेसी फर्ग्युसन, दुसऱ्या राउंडमध्ये खल्लास. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये होलीफिल्डने उरलेले पट्टेही परत घेतले. बो आणि लुईस प्रोफेशनल म्हणून एकमेकांसमोर कधी उभेच राहिले नाहीत.

बॉक्सिंगवाले याला 'डकिंग' म्हणतात. म्हणजे वाकून ठोसा चुकवतात ना, तसा अख्खा माणूसच चुकवायचा. कोणत्याही मोठ्या बॉक्सरचं नाव काढा, चार लोक लगेच सांगतील, हा अमक्याला घाबरला आणि तमक्याला टरकला.

माझा या 'घाबरला'वर विश्वास नाही. जो माणूस जेमतेम वीस फुटांच्या चौकोनात, अंगावर फक्त चड्डी आणि हातमोजे घालून, समोरचा आपलं डोकं फोडायला आलाय हे माहीत असताना उतरतो, त्याला मी तरी इथे खुर्चीत बसून भित्रा म्हणणार नाही. हा भीतीचा नाही, हिशेबाचा मामला आहे. आपल्याकडे म्हण आहे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती कोणी बॉक्सिंग बघून केलेली नसणार, पण या धंद्याला इतकी चपखल बसते की बास. न झालेली लढत म्हणजे झाकलेली मूठ. जोवर उघडत नाही तोवर तिची किंमत शाबूत.

आणि ही किंमत कशात मोजतात? एका शून्यात. बॉक्सरचं रेकॉर्ड नावापुढे लावतात ते असं: ५०-०. पन्नास जिंकल्या, शून्य हरला. फ्लॉइड मेवेदर. रॉकी मार्सियानो ४९-०. त्या शून्यापायी काय काय चालतं ते बघितलं की वाटतं, आर्यभट्टाने एवढा विचार केला नसेल.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यात आधी दिसतो तो मेट्रिकचा घोळ. बुद्धिबळात रेटिंग असतं. २७०० वाल्याने १५०० वाल्याला हरवलं तर त्याच्या रेटिंगमध्ये जवळपास काहीच भर पडत नाही, आणि चुकून हरला तर मात्र चांगलाच दणका बसतो. म्हणजे सोप्या गिऱ्हाइकांना मारत बसण्यात फायदाच नाही, ही सोय गणितातच करून ठेवलीय. (बुद्धिबळवालेही काही संत नव्हेत. अलेखिनने १९२७ मध्ये कापाब्लांकाकडून जगज्जेतेपद घेतलं आणि त्याला पुन्हा कधी सामना दिला नाही. १९२९ आणि १९३४ मध्ये दोन्ही वेळा बोगोल्युबोवशी खेळला. तेव्हा रेटिंगही नव्हतं आणि जगज्जेत्याला आव्हानवीर निवडण्याची मोकळीक होती.) बॉक्सिंगच्या त्या ५०-० मध्ये मात्र प्रत्येक विजय एकाच मापाचा. समोर जगातला दोन नंबरचा असो की दिवसा ट्रक चालवून संध्याकाळी रिंगमध्ये आलेला असो, विजय एकच. त्यात पराजयाला अशी जबरदस्त शिक्षा की तो आकडा आयुष्यभर पुसला जात नाही. असं मेट्रिक लावल्यावर लोक काय करणार? ऑफिसात ज्या मॉड्यूलमध्ये बग निघण्याची भीती आहे तिकडे ॲप्रेझलच्या तोंडावर कोणी फिरकत नाही, आणि रिपोर्टचा रंग बदलण्याची कामं मात्र हातोहात उचलली जातात. तेच.

पण हे शून्य कायमच इतकं महाग नव्हतं. शुगर रे रॉबिन्सनचंच बघा, ज्याला आजही बरेच जाणकार सर्वकालीन श्रेष्ठ मानतात. ४० लढती जिंकून अपराजित असताना ५ फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवलं. आजचा बॉक्सर असता तर वर्षभर गायब झाला असता, ट्रेनर बदलला असता, 'कमबॅक'साठी एखादा बकरा शोधला असता. रॉबिन्सन २६ फेब्रुवारीला, म्हणजे तीन आठवड्यांत, त्याच लामोटासमोर त्याच शहरात पुन्हा उभा होता आणि जिंकला. बरं, मधल्या काळात स्वस्थ बसला होता का? नाही, मध्ये आणखी एका लढतीत उतरून आला होता! दोघं एकूण सहा वेळा खेळले, रॉबिन्सनने पाच जिंकल्या. आयुष्यभरात तो एकोणीस वेळा हरला. कोणी विचारतं का त्या एकोणीसबद्दल?

तेव्हा महिन्याला एकदोनदा रिंगमध्ये उतरणाऱ्यासाठी पराभव म्हणजे एक वाईट आठवडा होता. आता मोठा बॉक्सर वर्षातून दोनदा खेळतो, कधी एकदाच. त्या एका रात्रीवर टीव्हीचे, तिकिटांचे, पुढच्या करारांचे कोट्यवधी डॉलर लागलेले. प्रमोटरला पोस्टरवर छापायला 'अपराजित' हा शब्द लागतो. तो शब्द गेला की पुढच्या लढतीचा भाव पडतो. म्हणून आधी शब्द जपायचा, लढतीचं नंतर बघू.

हे शून्य तयार होतं कसं, हे बघणं फार मजेशीर आहे. ब्रिटनमधल्या छोट्या हॉलमधले शो घ्या. रिंगच्या दोन बाजू असतात, 'होम' आणि 'अवे'. होम कोपऱ्यात स्थानिक पोरगा, नुकता प्रोफेशनल झालेला. त्याने मित्रांना, नातेवाइकांना, जिममधल्या लोकांना तिकिटं विकायची. त्या पैशांतून प्रतिस्पर्ध्याचं मानधन निघतं, उरलं तर याचं. आता मला सांगा, दोनशे तिकिटं विकून तुम्ही स्वतःच्या खर्चाने जो माणूस बोलावताय, तो तुम्हाला बडवणारा असावा असं तुम्हाला वाटेल का?

तर त्या अवे कोपऱ्यात बसतो तो जर्नीमन. त्याचा व्यवसायच हरणं. बर्मिंगहॅमचा पीटर बकली हा त्यातला बाप माणूस: ३०० लढती, ३२ विजय, १२ बरोबरी आणि २५६ पराभव. कोवळ्या नसीम हमीदपासून कित्येक होतकरूंनी याच्यावर हात साफ करून घेतले. हे वाचून हसू येतं, पण काम सोपं नाही. फार जोरात खेळून जिंकलात तर प्रमोटरचा फोन बंद, कारण ज्याचं पोरगं तुम्ही पाडलंत तो तुम्हाला पुन्हा कशाला बोलावेल? फारच वाईट खेळून नॉकआउट झालात तर वैद्यकीय नियमांप्रमाणे काही आठवडे सक्तीची सुट्टी, म्हणजे पुढच्या शनिवारचं मानधन बुडालं. मधल्या अरुंद पट्टीवरून चालायचं: पोराला चार राउंड नीट शिकवायचं, त्याच्या चुका त्याला दाखवायच्या, फार लागू द्यायचं नाही, गुणांवर हरायचं, पाकीट घ्यायचं आणि घरी जायचं. ही एक कलाच आहे, आणि तिच्याशिवाय या खेळात नवीन माणूस तयार होणार नाही. बकलीची ३०० वी आणि शेवटची लढत २००८ मध्ये त्याच्याच शहरात झाली. ती तो जिंकला. मला हे फार आवडतं.

त्यामुळे सुरुवातीच्या सोप्या लढतींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कुस्तीतसुद्धा वस्ताद नव्या पोराची पहिली जोड हिंदकेसरीशी लावत नाही. तक्रार असलीच तर शिकवणी कधी संपवायची हे कोणी ठरवत नाही याबद्दल आहे.

आपल्या विजेंदर सिंगचंच घ्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन गडी २०१५ मध्ये मँचेस्टरला प्रोफेशनल झाला, तिशीच्या उंबरठ्यावर. पहिल्या सहाही लढती पूर्ण राउंड न खेळताच जिंकल्या. त्यातला एक प्रतिस्पर्धी म्हणे सापाचं रक्त पिऊन तयारी करत होता. पेपरवाल्यांनी ते चवीने छापलं, रक्ताचा उपयोग काही झाला नाही. पुढे दिल्लीत, ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या वरळीच्या डोममध्ये, मग जयपूरला, अशी गाडी बारा लढतींपर्यंत अपराजित धावली. आणि मार्च २०२१ मध्ये गोव्यात, पणजीला एका कॅसिनोच्या बोटीवर, आर्तिश लोप्सान नावाच्या उंचपुऱ्या रशियन पोराने त्याला पाचव्या राउंडमध्ये थांबवलं. लोप्सानचं नाव त्याआधी आपल्याकडे कोणी ऐकलंही नव्हतं. विजेंदर पस्तीस वर्षांचा आणि सव्वा वर्ष रिंगबाहेर होता हे खरं. पण सोप्या जोडीतली मेख हीच आहे. ती सोपी असते फक्त कागदावर. माईक टायसनसाठी बस्टर डग्लससुद्धा, टोकियोत फेब्रुवारी १९९० मध्ये, सोपाच होता. एका ठिकाणी ४२ ला १ असा भाव लागला होता. काय झालं ते जगाला माहीत आहे.

वरच्या पातळीवर मात्र कोणी सरळ 'नाही' म्हणत नाही. तिथे म्हणतात 'आत्ता नको'. मेवेदर आणि मॅनी पॅकियाव यांची लढत १३ मार्च २०१० ला करायचं घाटत होतं. रक्ततपासणी कधी आणि किती वेळा करायची यावरून मोडलं. मग पाच वर्षं तू-तू मैं-मैं. शेवटी २ मे २०१५ ला लास व्हेगासला लढत झाली तेव्हा मेवेदर ३८ चा, पॅकियाव ३६ चा. मधे २०१२ मध्ये मार्केझने पॅकियावला एका ठोशात तोंडावर पाडून झालं होतं, आणि या लढतीत तो दुखरा खांदा घेऊन उतरला होता. ४६ लाख घरांनी जवळपास शंभर डॉलर मोजून ती बघितली. मेवेदर गुणांवर आरामात जिंकला आणि लोक जांभया देत झोपायला गेले. धंदा म्हणून बघाल तर उशीर केल्याने नुकसान झालं असं कोणत्या तोंडाने म्हणणार? मूठ पाच वर्षं झाकून ठेवली म्हणून तर तिचे एवढे लाख झाले. गंडला फक्त प्रेक्षक. २०१० मध्ये हे दोघे काय खेळले असते ते आता कोणालाच कळणार नाही.

उशिरा भेटता येतं तसं लवकरही भेटता येतं. २०१३ मध्ये मेवेदर कॅनेलो अल्वारेझशी खेळला तेव्हा कॅनेलो २३ वर्षांचा होता, आणि त्याला १५४ पौंडांच्या गटाऐवजी १५२ वर यायला लावलं होतं. दोन पौंड म्हणजे काय, तर आधीच वाळवलेल्या अंगातून अजून किलोभर पिळून काढायचं. कॅनेलो त्या शाळेतून नीट शिकून बाहेर पडला. मे २०१६ मध्ये आमीर खानला नॉकआउट केल्यावर त्याने गेनाडी गोलोव्हकिनला रिंगमध्ये बोलावून ललकारलं, आणि दोन आठवड्यांच्या आत पट्टाच सोडून दिला, जेणेकरून गोलोव्हकिनशी खेळण्याचं बंधन राहू नये. लढत झाली सप्टेंबर २०१७ मध्ये, गोलोव्हकिन ३५ चा झाल्यावर. ती बरोबरीत सुटली. त्यात एका जजने कॅनेलोला ११८-११० असे गुण दिले होते, त्यांनी नेमकी कुठली लढत बघितली हा वेगळा विषय आहे.

या सगळ्याला चार चार संघटनांची साथ. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. सतरा मुख्य वजनी गट, प्रत्येकात चार पट्टे, म्हणजे एका वेळी ६८ 'जगज्जेते' असू शकतात. वर पुन्हा 'सुपर' आणि 'इंटरिम' आहेतच. एका गल्लीत पक्या दादा, शेजारच्या गल्लीत बाळ्या दादा. दोघांनी एकमेकांच्या गल्लीत जायचं नाही एवढं पाळलं की दोघेही दादा.

यावर लोक म्हणतात की यूएफसीसारखं करा. तिथे एकच कंपनी, जोड तीच लावते. तिथले चॅम्पियन चारपाच पराभव घेऊन हिंडतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. खरं आहे. पण मग पैशाचंही बोला. एकच कंपनी असली की 'नाही' म्हणायची ताकद जाते, आणि तिच्याबरोबर घासाघीस करायचीही. यूएफसीच्या फायटर्सनी कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला होता, तो २०२४ मध्ये ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. आणि तिथे तरी चुकवाचुकवी पूर्ण थांबली का? टॉम ॲस्पिनॉल ताटकळत असतानाच २०२५ मध्ये जॉन जोन्सने निवृत्ती जाहीर केली. मला बॉक्सरच्या हातातलं 'नाही' काढून घ्यायचं नाहीये. मेंदूवर ठोसे तो खाणार, तर कुणाचे खायचे हे ठरवण्याचा थोडा हक्क त्याला हवाच.

बदलायला हवा तो पराभवाचा भाव, आणि तो आपणच लावतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये रियाधला आर्तुर बेतेरबिएव्ह आणि दिमित्री बिवोल भिडले. दोघेही अपराजित, दोघेही जगज्जेते. बिवोल निसटता हरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा भिडले, या वेळी बेतेरबिएव्ह निसटता हरला. दोघांचीही शून्यं गेली आणि दोघांचीही इज्जत वाढली. (सौदीचा पैसा होता म्हणून जमलं, हे आहेच. तो पैसा तिथे का ओतला जातोय हेही सगळ्यांना कळतं.) आणि तो लेनक्स लुईस? तो दोनदा हरला, १९९४ मध्ये मॅकॉलकडून आणि २००१ मध्ये रहमानकडून, दोन्ही वेळा नॉकआउट. दोघांनाही परत गाठून हरवलं. होलीफिल्ड झाला, टायसन झाला, आणि ज्या ज्या माणसासमोर उभा राहिला त्या प्रत्येकाला कधी ना कधी हरवून २००४ मध्ये निवृत्त झाला. शेवटी विताली क्लिचकोला दुसरी लढत द्यायचं मात्र त्यानेही टाळलं. असो, ३८ व्या वर्षी तेवढं चालायचंच.

हे सगळं निदान दोन्ही बाजूंनी पैसे मिळणाऱ्यांचं झालं. मला खरा राग येतो तो वेगळ्या जातीच्या चुकवाचुकवीचा, जिथे हिशेब एकाचा आणि बिल दुसऱ्याच्या नावावर. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ हेवीवेटचा जगज्जेता होता. हॅरी विल्स हा काळा बॉक्सर बहुतेक सगळा वेळ त्याच्या दारात उभा होता. करार झाले, मोडले, पुन्हा झाले, पण लढत झाली नाही. डेम्प्सी तर १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं पट्टा राखायला उतरलाच नाही. एकट्या डेम्प्सीला दोष देऊन चालणार नाही. प्रमोटर आणि राजकारण्यांना काळा जगज्जेता पुन्हा नकोच होता. १९१५ मध्ये जॅक जॉन्सन हरला त्यानंतर १९३७ मध्ये जो लुईस उभा राहीपर्यंत, बावीस वर्षं, एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी खेळू दिलं नाही.

आणि खुद्द जॉन्सन? पहिला काळा हेवीवेट जगज्जेता. स्वतःला संधी मिळावी म्हणून जगभर टॉमी बर्न्सचा पाठलाग करत १९०८ मध्ये सिडनीला जाऊन पट्टा जिंकलेला माणूस. सॅम लँगफर्ड त्याच्याहून कितीतरी बुटका, उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या वर, आणि हाताला हातोडा. १९०६ मध्ये जॉन्सनने त्याला पंधरा राउंडमध्ये हरवलं होतं. जगज्जेता झाल्यावर मात्र त्याच्याशी खेळला नाही. दोन काळ्यांच्या लढतीला गिऱ्हाईक नाही, गोऱ्या आव्हानवीरांना मारण्यात पैसा जास्त आणि धोका कमी, हा हिशेब त्याच्याही डोक्यात होताच.

मग लँगफर्ड आणि विल्स, जगातले सगळ्यात चांगले दोन हेवीवेट, एकमेकांनाच मारत राहिले. पंधराहून जास्त वेळा, पट्ट्याशिवाय, मिळेल त्या गावात, मिळेल त्या पैशात. लँगफर्डची नजर खेळता खेळताच जात चालली होती, तरी तो समोरच्याची नुसती आकृती दिसेल तेवढ्यावर उतरत राहिला. जगज्जेतेपदासाठी त्याला कोणी बोलावलं नाही. १९४४ मध्ये अल लेनी नावाचा पत्रकार त्याला शोधत न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये फिरला. बऱ्याच जणांनी सांगितलं, तो कधीच गेला. शेवटी सापडला एका अंधाऱ्या खोलीत, पूर्ण आंधळा, खिशात काही सेंट.